पवनचक्की, मागण्यांची वही आणि भागधारक

पुण्याच्या हडपसर भागात जिची मुख्य कचेरी आहे ती सुझलॉन एनर्जी ही पवनचक्क्या बांधणारी कंपनी २००५ साली शेअरबाजारात उतरली, आणि तेव्हापासून तिच्या भवितव्याविषयी गुंतवणूकदारांत जो वाद सुरू झाला तो आजतागायत शमलेला नाही. तेजीवाले तिला उद्याच्या ऊर्जेची धनी म्हणत आले, मंदीवाले तिला कर्जात रुतलेली कंपनी म्हणत आले. आणि मौज अशी की काळाने या दोन्ही पक्षांना आळीपाळीने खरे ठरविले व आळीपाळीने तोंडघशीही पाडले. तिच्या भागधारकांची संख्या आज पन्नास लाखांवर गेली असल्यामुळे हा वाद चार दलालांपुरता उरलेला नाही, आणि म्हणूनच तो नेमका कशाविषयी आहे हे शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे. माझ्या मते तो वाऱ्याविषयी नाही, यंत्राविषयी तर फारच थोडा आहे. मागणी वहीत नोंदली गेल्याचा दिवस आणि तिचे पैसे हाती पडल्याचा दिवस या दोहोंमध्ये जो काळ जातो, त्या काळाविषयी तो आहे.

कंपनीचे संस्थापक तुलसी तांती हे मूळचे राजकोटचे, आणि व्यवसायाने कापडाचे कारखानदार. विजेचा चढता दर आणि तिचा बेभरवशाचा पुरवठा यांनी जेरीस येऊन त्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या, आणि कापड विणण्यापेक्षा हे यंत्रच विकणे अधिक किफायतीचे ठरेल असे मनाशी ठरवून १९९५ साली सुझलॉनची स्थापना केली. तंत्रज्ञान आरंभी सूडविंड या जर्मन कंपनीच्या सहकार्याने आले. ती कंपनी पुढे बुडाली तेव्हा तिच्याकडचे अभियंते सुझलॉनने आपल्या पदरी घेतले. परंतु तांतींच्या कल्पकतेचा खरा भाग यंत्रात नव्हता. वाऱ्याचे मोजमाप करणे, माळरानावर जमीन हुडकणे, सरकारदरबारचे परवाने मिळविणे, मनोरा उभारणे, वीजमंडळाच्या तारांशी जोडणी करून देणे आणि पुढे वीस वर्षे देखभाल करणे ही सारी यातायात कंपनीने एकाच करारनाम्यात आपल्या शिरावर घ्यावी, आणि ग्राहकाने केवळ पैसे मोजून घसाऱ्याची करसवलत पदरात पाडून घ्यावी, अशी ती योजना होती. त्या काळी पवनचक्कीच्या किमतीवर आरंभी शंभर आणि पुढे ऐंशी टक्के घसारा वजा मिळत असे. त्यामुळे ज्यांना विजेशी काडीचे कर्तव्य नव्हते अशा कितीतरी धनिकांनी वाऱ्याकडे नव्हे, तर आयकराच्या पत्रकाकडे पाहून पवनचक्क्या विकत घेतल्या. साताऱ्याकडील वनकुसवड्याचे पठार या पवनचक्क्यांनी भरले ते याच काळात, आणि राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटात तर कंपनीने हजार मेगावॉटांहून मोठे क्षेत्र उभे केले.

यंत्राविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण उत्पादनाचा सारा हिशेब त्यावर उभा आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला सहा मीटर वेगाने वाहणारा वारा आठ मीटरांवर गेला तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण शक्ती दुपटीहून अधिक होते. या शक्तीपैकी एकोणसाठ टक्क्यांहून अधिक हिस्सा कोणतेही चाक काढून घेऊ शकत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच गणिताने दाखवून दिले आहे. तेव्हा उत्पन्न वाढवायचे तर मनोरा उंच करून अधिक वेगाचा वारा गाठणे आणि पात्यांचा फेर मोठा करणे हेच मार्ग उरतात. सुझलॉनच्या ज्या प्रतिमानाने तिला प्रथम परदेशात नाव मिळवून दिले आणि मग तिचे नाव घालविले, त्याच्या फेराचा व्यास ८८ मीटर होता आणि क्षमता २.१ मेगावॉट; आजच्या प्रतिमानाचा व्यास १४४ मीटर आणि क्षमता तीन मेगावॉटांच्या थोडी वर आहे. म्हणजे क्षमता दीडपट झाली, पण वारा कवेत घेणारे क्षेत्र सुमारे पावणेतीनपट झाले. जोराच्या वाऱ्याच्या उत्तम जागा आपल्या देशात पूर्वीच अडविल्या गेल्या असल्यामुळे, मंद वाऱ्यातही भरपूर फिरणारे हे मोठे चाक कंपनीच्या पुनरुत्थानाचे एक खरेखुरे कारण आहे, आणि मंदीवाले बहुधा हे कारण विचारात घेत नाहीत.

आता धंद्याची रीत पाहू. ग्राहकाने मागणी नोंदविली की त्याच्याकडून इसाऱ्यादाखल काही रक्कम येते. मग कंपनीला मनोऱ्यासाठी पोलाद, पात्यांसाठी काचतंतू आणि राळ, गिअरबॉक्स, जनित्र व विजेची उपकरणे खरेदी करावी लागतात, आणि हा खर्च इसाऱ्याच्या कितीतरी पुढे जातो. सत्तर मीटरांच्या आसपास लांबीचे पाते कारखान्यातून निघाले की खेड्यातल्या अरुंद वळणावर त्याची गाडी अडते. एखाद्या शेताच्या बांधावरून रस्ता काढायचा तर मालकाची संमती लागते, आणि ती मिळविताना तलाठ्याच्या दप्तरातल्या सात-बाराच्या उताऱ्यांवरील नावांचा घोळ निस्तरावा लागतो. शिवाय पावसाळ्याचे जे चार महिने महाराष्ट्रातील पवनचक्कीला सर्वांत अधिक वीज देतात, तेच महिने नवी चक्की उभारण्यास सर्वांत प्रतिकूल असतात. एवढ्यातून मनोरा उभा राहिला तरी उच्चदाबाची वाहिनी तिथवर पोहोचलेली नसेल, तर चक्की उभी असूनही वीज देत नाही, आणि ग्राहकाकडील अखेरचे हप्ते अडकून पडतात. हिशेबाच्या नियमाप्रमाणे विक्री मात्र बहुतांशी माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावरच जमेस धरली जाते. ताळेबंदात विक्री दिसते, नफाही दिसतो. रोकड तेवढी दिसत नाही.

ऐन लग्नसराईत पन्नास कार्यांची सुपारी घेतलेल्या आचाऱ्याने वाणसामान व्याजी पैशाने उचलावे, आणि यजमानांनी कार्यानंतर महिना-दोन महिन्यांनी बघू म्हणावे, तशातला हा प्रकार आहे. अशा आचाऱ्याची भरभराट आणि त्याचे दिवाळे एकाच हंगामात निघू शकते. मागण्यांची वही, जिला बाजारातली मंडळी ऑर्डरबुक म्हणतात, फुगली की नफा फुगेल हे तेजीवाल्याचे गृहीतक स्वतःचे पैसे गाठीशी असलेल्या कारखान्याच्या बाबतीत पुष्कळसे खरे असते; कर्जाच्या खेळत्या भांडवलावर चालणाऱ्या कारखान्यात मात्र मागणी वाढली की प्रथम उधारी वाढते, तिच्यामागून व्याज वाढते, आणि नफा सर्वांच्या शेवटी, आला तर येतो.

२००५ ते २००८ ही तीन वर्षे तेजीवाल्यांची. प्रारंभीच्या भागविक्रीत ५१० रुपयांना दिलेल्या भागाची किंमत सतत चढत राहिली. जगातील पहिल्या पाच पवनचक्की-कारखानदारांत कंपनीची गणना होऊ लागली. २००६ साली तिने गिअरबॉक्स बनविणारी बेल्जमची हान्सेन ही कंपनी साडेसेहेचाळीस कोटी युरोंना विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील रीपॉवर या कंपनीसाठी फ्रान्सच्या आरेव्हाशी चढाओढ करून दर भागाला १५० युरो मोजण्याचे मान्य केले. एका हिंदी कारखानदाराने युरोपातील दोन नामांकित कंपन्या लागोपाठ ताब्यात घ्याव्यात याचे त्या वेळी वृत्तपत्रांनी फार कौतुक केले. त्या कौतुकात एक गोष्ट झाकून गेली. जर्मन कायद्याप्रमाणे सर्व भाग हाती येईपर्यंत रीपॉवरचे तंत्रज्ञान किंवा तिच्या तिजोरीतली रोकड सुझलॉनला मोकळेपणी वापरता येण्यासारखी नव्हती, आणि तो संपूर्ण ताबा मिळण्यास २०११ साल उजाडले. कर्जाचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू झाले होते.

ही खरेदी पचविण्यासाठी कंपनीने २००७ साली परकीय चलनातील परिवर्तनीय रोखे काढले, एकूण पन्नास कोटी डॉलरांचे. या रोख्यांची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे, कारण ज्या गळफासाने पुढे कंपनीचा श्वास कोंडला तो हाच. धनकोला वर्षानुवर्षे व्याज द्यायचे नाही; पाच वर्षांनी कंपनीच्या भागाची किंमत ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर धनकोने रोख्याचे भागात रूपांतर करून घ्यावे, नसेल तर शंभराच्या रोख्यापोटी सुमारे एकशे पंचेचाळीस रोख परत घ्यावेत, असा तो तह होता. भागाच्या विभागणीनंतरच्या हिशेबाने रूपांतराची किंमत ३६० रुपयांच्या आसपास पडत होती, आणि २००८ च्या जानेवारीत भाग साडेचारशेच्या घरात होता. तेजीच्या त्या धामधुमीत हे कर्ज कर्ज वाटलेच नाही. हे पैसे कधी परत करावेच लागणार नाहीत असे कंपनीने व तिच्या भागधारकांनीही मानले असावे.

त्याच वर्षी पाती तडकली. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात एडिसन मिशन एनर्जी आणि जॉन डीअर यांना पुरविलेल्या ८८ मीटर व्यासाच्या चक्क्यांच्या पात्यांना चिरा पडल्याचे उघड झाले, आणि कंपनीला १,२५१ पाती दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. एका चक्कीला तीन पाती, तेव्हा ४१७ चक्क्या. अमेरिकेत तोवर विकलेला जवळजवळ सारा माल. कंपनीने तिकडच्या वाऱ्याच्या आकस्मिक, तीव्र बदलांकडे बोट दाखविले. ते खरेही असेल. पण जो माल वीस वर्षे टिकेल म्हणून विकायचा तो दोन-तीन वर्षांत तडकला की ग्राहक वाऱ्याला दोष देत नाही. एडिसनने पुढच्या १५० चक्क्यांच्या मागणीतून अंग काढून घेतले. दुरुस्तीचा खर्च सोसण्याजोगा होता. पत गेली ती मात्र भरून येण्यासारखी नव्हती, आणि वर्षअखेरीस जागतिक मंदीने बँकांचे हात आखडले तेव्हा ती पतच सर्वांत अधिक हवी होती.

या टप्प्यावर बाजारातला वाद रंगला तो पाहण्यासारखा आहे. तेजीवाले म्हणत, मागण्यांची वही पाहा, हजारो मेगावॉटांची आहे. पाती सुधारली, जगाला स्वच्छ वीज हवीच आहे. मंदीवाले म्हणत, रोख्यांची मुदत पाहा. दोघेही खरे बोलत होते, परंतु मागणीला तारीख सांगता येत नव्हती आणि रोख्यांवर ती छापलेली होती. २०१२ च्या उन्हाळ्यातला पहिला हप्ता कंपनीने दीड महिन्याची मुदतवाढ मागून कसाबसा फेडला. ऑक्टोबरात सुमारे एकवीस कोटी डॉलरांचा दुसरा हप्ता आला तेव्हा भागाची किंमत वीस रुपयांच्याही खाली होती, २००७ साली चाळीसच्या आसपास असलेला डॉलर पन्नासच्या पुढे गेला होता, आणि धनकोंनी आणखी चार महिन्यांची मुदत देण्यास साफ नकार दिला. रोखे थकले. परिवर्तनीय रोख्यांच्या बाबतीत हिंदुस्थानात तोवर झालेली ही सर्वांत मोठी थकबाकी होती. स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी २०१३ च्या आरंभी साडेनऊ हजार कोटींच्या आसपासच्या कर्जाची फेरमांडणी केली. त्या आर्थिक वर्षाचा तोटा चार हजार सातशे कोटींच्या पुढे गेला.

पुढला अध्याय मी थोडक्यात सांगतो. २०१५ साली कंपनीने रीपॉवर, जिचे नाव तोवर सेनव्हिऑन झाले होते, सेंटरब्रिज या अमेरिकन भांडवलदारांना शंभर कोटी युरोंना विकून टाकली. या विक्रीतले नुकसान धरून त्या वर्षीचा तोटा नऊ हजार कोटींपलीकडे गेला. लाडक्या दागिन्याची मोड केली म्हणून तेजीवाले हळहळले, पण चारच वर्षांनी सेनव्हिऑनचे जर्मनीत दिवाळे वाजले, तेव्हा ती विक्री हा तांतींच्या चांगल्या निर्णयांपैकी एक होता असे म्हणणे भाग आहे. त्याच सुमारास सन फार्माचे दिलीप संघवी यांनी आपल्या कुटुंबासह दर भागाला अठरा रुपये देऊन अठराशे कोटी गुंतविले आणि तेवीस टक्क्यांचा वाटा घेतला. एवढा हिशेबी माणूस आला म्हणजे तळ लागला, असे बाजाराने मानले. तळ अजून बराच खाली होता.

कारण आता सरकारी धोरणानेच कूस बदलली. तोवर प्रत्येक राज्य पवनविजेला ठराविक दर बांधून देत असे. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने पवनविजेचा पहिला लिलाव पुकारला आणि दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. वर्ष संपण्यापूर्वी गुजरातेतील लिलावात तो २ रुपये ४३ पैसे झाला. घसाऱ्याची सवलतही ऐंशीवरून चाळीस टक्क्यांवर आली. विजेच्या ग्राहकाच्या दृष्टीने हा सुकाळ होता, परंतु जुन्या दराच्या आशेवर जमिनी आणि यंत्रे जमविलेल्या कारखानदाराच्या पायाखालची वाळू सरकली. एका वर्षात देशभर साडेपाच हजार मेगावॉटांच्या घरात नवी क्षमता उभी राहिली होती. पुढच्या वर्षी ती दोन हजारांच्याही खाली आली. ज्या कारखान्याचे व्याज, पगार आणि भाडे उत्पादन होवो न होवो चालूच राहते, त्याला विक्री अर्ध्यावर येणे म्हणजे नफा अर्ध्यावर येणे नव्हे. नफा नाहीसा होऊन त्या जागी तोटा येतो. २०१९ च्या जुलैत कंपनीचे रोखे पुन्हा थकले, आणि २०२० च्या मार्चमध्ये तिचा भाग दोन रुपयांच्या खाली मिळत होता. मंदीवाल्यांनी या वेळी कंपनी मेलीच असे जाहीर केले.

ती मेली नाही, याचे श्रेय बरेचसे बँकांच्या नाइलाजाला आणि थोडे देखभालीच्या धंद्याला आहे. नवी चक्की विकली जावो न जावो, पूर्वी उभारलेल्या हजारो चक्क्यांच्या देखभालीचे पैसे दर वर्षी येत राहिले. देशात आज अशी सुमारे पंधरा हजार मेगावॉटांची क्षमता कंपनीच्या निगराणीखाली आहे. मंदीचा पक्ष ताळेबंदातील ऋण आकड्यांकडे पाहताना या शांत, सातत्याच्या उत्पन्नाचे मोल करण्यास विसरला. २०२० व २०२२ साली कर्जाची पुन्हा फेरमांडणी झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात दर भागाला पाच रुपयांप्रमाणे बाराशे कोटींची हक्कभागविक्री ठरली होती. ती सुरू होण्यापूर्वीच, एक ऑक्टोबर रोजी, तुलसी तांतींचा हृदयविकाराने अंत झाला. विक्री यशस्वी झाली. पुढच्या वर्षी मोठ्या संस्थांकडून आणखी दोन हजार कोटी उभारून कंपनीने कर्जाचा बोजा जवळजवळ संपूर्ण उतरविला. हडपसरची वन अर्थ ही प्रशस्त इमारतही २०२४ साली ४४० कोटींना विकून ती तिथेच भाडेकरू म्हणून राहिली.

आणि वाद पुन्हा सुरू झाला, या वेळी नफ्याविषयी. २०२२–२३ साली कंपनीने २,८८७ कोटींचा नफा दाखविला; पण त्यातला फार मोठा भाग धनकोंनी सोडून दिलेल्या रकमांचा होता, चक्क्या विकून मिळालेला नव्हे. २०२३–२४ चा ६६० कोटींचा नफा आकाराने चौथाईच्याही खाली, परंतु कमावलेला. २०२४–२५ चा २,०७२ कोटींचा. त्यात सुमारे सहाशे कोटी असे की, मागील तोट्यांमुळे पुढे जो आयकर वाचणार आहे तो आजच मालमत्ता म्हणून धरला गेला. हे हिशेबाच्या नियमांना धरूनच आहे, लबाडी नव्हे. पण हे पैसे तिजोरीत नसतात. उत्पादनाचा आकडा अधिक प्रामाणिक आहे: ७१० मेगावॉटांवरून एका वर्षात १,५५० मेगावॉटांचा माल रवाना झाला, आणि मागण्यांची वही साडेपाच हजार मेगावॉटांच्या पुढे गेली. कारखान्यांची क्षमता मात्र साडेचार हजार मेगावॉटांची आहे. तेव्हा एक तृतीयांशाच्या आसपासच क्षमता वापरून नफा होत असेल, तर पुढे काय होईल, असे तेजीवाले विचारतात. मंदीवाले उलट विचारतात की, रवाना झालेल्या चक्क्यांपैकी वीज देऊ लागलेल्या किती. वाहिन्यांची आणि जमिनीची रडकथा संपली आहे काय. सूर्यविजेबरोबर बॅटरीही स्वस्त होत असताना हे ग्राहक टिकतील काय. आणि संस्थापक कुटुंबाचा स्वतःचा वाटा बारा टक्क्यांच्या आसपास का उरावा?

माझा कौल विचाराल तर कंपनीच्या जिवाविषयीचा वाद तेजीवाल्यांनी जिंकला आहे; कर्ज नसलेली कंपनी उशिराने मरत नाही, उशिराने फक्त कमी कमावते. किमतीविषयीचा वाद मात्र अजून कोणीही जिंकलेला नाही. २०२४ च्या सप्टेंबरात ८६ रुपयांपर्यंत चढलेला भाग पुढे पुष्कळ खाली आला, तो कंपनी बुडू लागली म्हणून नव्हे, तर चढत्या किमतीत पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पादन आधीच गृहीत धरले गेले होते म्हणून. ज्या वाचकांच्या संग्रही हे भाग असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, वार्षिक अहवाल हाती आल्यावर नफ्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. प्रथम ग्राहकांकडील येणे, मग गोदामातील माल, आणि त्यानंतर रवाना झालेल्या व प्रत्यक्ष वीज देऊ लागलेल्या चक्क्यांमधील तफावत पाहावी, आणि ती सलग दोन वर्षे वाढलेली दिसली तर मागण्यांची वही कितीही जाड असली तरी नवे भाग घेण्यापूर्वी थांबावे.